शकुंतला पुन्हा वाफेवर धावेल का? अलास्कातली एक गाडी काय सांगते

वऱ्हाडात शकुंतला रेल्वेचे जुने फोटो फिरायला लागले की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: वाफेचं इंजिन लावून ही गाडी पर्यटकांसाठी सुरू का करत नाहीत?

शकुंतला काय होती?

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून दोन फाटे फुटायचे. एक दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. एकूण सुमारे १९० किलोमीटर. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर (ब्रॉडगेजचं १,६७६). ब्रिटिश काळात वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनपर्यंत आणून मुंबईला आणि पुढे बोटीने इंग्लंडला पाठवण्यासाठी हा मार्ग बांधला गेला. त्यावरचं वाफेचं इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं. १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. नंतर आधी यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी थांबली.

अलास्काचा काय संबंध?

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात स्कॅगवे हे छोटं बंदर आहे. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी तिथे १८९८ मध्ये 'व्हाइट पास' ही नॅरोगेज रेल्वे बांधायला सुरुवात झाली. पुढे खाणी बंद पडल्या आणि १९८२ मध्ये रेल्वेही. पण १९८८ मध्ये ती पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली. आज क्रूझ जहाज धक्क्याला लागतं, प्रवासी गाडीत बसतात, डोंगर बघून काही तासांत परत येतात. बहुतेक गाड्या डिझेलवर चालतात. वाफेचं इंजिनही अधूनमधून, खास फेरीसाठी धावलं आहे.

मग आपल्याकडे जमेल?

स्कॅगवेला प्रवासी जहाजातून दारात येतात. वऱ्हाडात बंदर नाही, पण चिखलदरा आणि मेळघाटला जाणारे बरेच पर्यटक अचलपूर-परतवाड्यावरून जातात. सगळा मार्ग चालवायचीही गरज नाही. दार्जिलिंगची वाफेची पर्यटक गाडी फक्त घूमपर्यंत जाऊन परत येते. तसा अचलपूर-पथ्रोटसारखा छोटा टप्पा विचारात घेता येईल.

अडचण कुठे आहे?

शकुंतला ही सहलीची गाडी नव्हती. कमी भाड्यात बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जाणाऱ्यांची ती गाडी होती. त्यामुळे या भागाची जुनी मागणी ब्रॉडगेजची आहे. नॅरोगेजचे रूळ उखडून त्याच जागेवर ब्रॉडगेज टाकलं, तर वारसा गाडीला जागा उरत नाही. आणि फक्त वारसा गाडी आली, तर दर्यापूरच्या माणसाला रोज एसटीच धरावी लागणार.

म्हणून पुढच्या वेळी 'शकुंतला सुरू करा' अशी पोस्ट शेअर करताना एवढं जरूर विचारा: कोणती शकुंतला? रविवारी पर्यटकांना फिरवणारी, की सोमवारी गावकऱ्यांना कामाला नेणारी? दोन्ही हव्या असतील, तर एखादा टप्पा नॅरोगेज राखून ब्रॉडगेज शेजारून न्यावं लागेल. ती मागणी रूळ उखडण्याआधीच करावी लागेल.