एका हंगामाचे दोन हिशेब

हंगाम म्हटला की आपल्या उमापूरकडे ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांपुढे येतो. दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे आणि कारखान्याचा पट्टा पडला की परतायचे. फुटबॉलच्या संघालाही असाच हंगाम असतो, आणि तोही बराचसा घराबाहेरच जातो. मुंबई सिटी या संघाचा २०२३-२४ चा हंगाम आपण पाहू. हा संघ एकाच वर्षी सहाच्या सहा सामने हरला आणि देशाचा चषकही जिंकला! हे कसे झाले?

वाचकहो, आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. घरच्या इंडियन सुपर लीगमध्ये बक्षिसे दोन. त्या वर्षी बारा संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे, म्हणजे २२ सामने. सर्वांत जास्त गुण ज्याचे, त्याला ढाल. मग पहिल्या सहा संघांत बाद फेऱ्या आणि शेवटी चषक. ढाल म्हणजे वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब, आणि चषक म्हणजे जत्रेतली शेवटची मानाची कुस्ती, म्हणा ना.

आदल्या वर्षाची ढाल मुंबईने जिंकली होती. ४ एप्रिल २०२३ रोजी जमशेदपूरला ३-१ असे हरवून तिने आशियाई चॅम्पियन्स लीगचे दारही उघडले. आत गेल्यावर समोर कोण? इराणचा नस्साजी, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल. अल हिलालचा तर थाटच निराळा. सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने तो हाती घेतला होता आणि नेमार, मित्रोविच, नेव्हेस असे नामांकित गडी विकत आणले होते. नेमार आपल्याकडे खेळणार म्हणून केवढी हवा झाली! पण ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा दुखावला, आणि तो काही आला नाही.

तो नसतानाही रियाधला मुंबईवर सहा गोल चढले. नोव्हेंबरमध्ये नेरूळच्या मैदानावर मात्र मुंबईने निम्म्याहून अधिक वेळ त्यांना रोखून धरले. आपला एक गडी बाहेर काढला गेल्यानंतरच पहिला गोल झाला. सामना ०-२ असा गेला. मला विचाराल तर त्या हंगामातला हा पराभव काही विजयांपेक्षा चांगला होता. पण गुणतक्त्याला त्याचे काय! सहा सामन्यांत १७ गोल खाल्ले, केला एकच.

भरीस भर म्हणून प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरात इंग्लंडला निघून गेले. डिसेंबरात पीटर क्रॅट्की आले. संघ मोडायला एवढे पुरे होते. तो मोडला नाही.

१५ एप्रिल २०२४. ढालीसाठी कोलकात्यात मोहन बागानशी शेवटचा सामना. मुंबईचे ४७ गुण, बागानचे ४५. नुसती बरोबरी पुरे होती, पण १-२ अशी हार झाली आणि एका गुणाने ढाल गेली. पुढे नऊ दिवसांनी फातोर्ड्याला उपान्त्य फेरीत गोव्याविरुद्ध ०-२ अशी पिछाडी, घड्याळात नव्वदावे मिनिट. लोक उठून निघालेही असतील. तेवढ्यात छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे असे तीन गोल! अंधेरीचा परतीचा सामना २-० असा सहज सुटला.

४ मेला पुन्हा कोलकाता, पुन्हा बागान. पहिला गोल त्यांचाच. मग पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटी व्होय्तुश. ३-१. मुंबईतच वाढलेल्या राहुल भेकेने कर्णधार म्हणून चषक उचलला.

आता खरी गंमत ऐका. आशियात जावयाचा मान चषकाला नव्हता, ढालीला होता. म्हणून २०२४-२५ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेत उतरला तो हरलेला मोहन बागान. चषकवाली मुंबई त्या वर्षी घरीच राहिली.