परिचारिकेचे समाधान कशावर अवलंबून?

महामारीत परिचारिकेचे समाधान आणि तिच्या कामाचा दर्जा ही दोन्ही तिच्या अंगच्या सेवाभावावर अवलंबून असतात, ही समजूत इतकी दृढमूल आहे की, मध्य प्रदेशातील शासकीय परिचारिकांनी २०२१ च्या जूनअखेरीस वेतनश्रेणी व अन्य मागण्यांसाठी संप आरंभिला, तेव्हा सेवाव्रतींनी पैशाची भाषा करावी काय, असा सवाल पुष्कळ सज्जनांच्या मनात उभा राहिला असेल. उच्च न्यायालयाने जुलैच्या प्रारंभी तो संप बेकायदा ठरविला, हे खरे. परंतु करोनाच्या दोन लाटा अंगावर घेतल्यावरच या स्त्रिया संपावर गेल्या होत्या. उणीव सेवाभावात नव्हती, बंदोबस्तात होती.

त्याच राज्यातील बुऱ्हाणपूरचेच पाहा. २००३ साली खंडव्यापासून विभक्त झालेल्या या तापीकाठच्या जिल्ह्यात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. परंतु महामारी आली तेव्हा आधुनिक वैद्यकाचे शासकीय महाविद्यालय गाठायचे, तर खंडवा नाहीतर सीमेपलीकडचे जळगाव. आणि अत्यवस्थ रुग्ण तिकडे रवाना होईपर्यंत त्याच्या प्रत्येक श्वासावर नजर ठेवण्याचा जिम्मा वॉर्डातल्या सिस्टरचा. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा की, सामान्य कक्षात पाच रुग्णांमागे एक व अतिदक्षता कक्षात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, आणि रजेपोटी आणखी ३० टक्के राखीव असाव्यात. ही राखीव तजवीज एरवी अनावश्यक खर्च भासते. साथीत मात्र एक सिस्टर विलगीकरणात गेली की तिचे रुग्ण दुसरीच्या वाट्यास येतात, आणि नातेवाइकांना मज्जाव असल्यामुळे घास भरविणे, कूस बदलणे, घरी फोन लावून देणे हीदेखील तिचीच कामे होतात, तीही पीपीई किटमध्ये, जेथे पाण्याचा घोट घेणेही दुर्घट. ज्या रुग्णापाशी थांबावयास हवे होते त्याच्यापाशी थांबता आले नाही, हे शल्य तिला श्रमाहून अधिक सलते.

अशा कामातून येणाऱ्या थकव्यास, म्हणजे ‘बर्नआउट’ला, दुर्बळ मनाचे लक्षण मानणे हाही अन्यायच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली आहे. त्यास व्याधी म्हटलेले नाही.

केंद्राने मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, तो मृत्यूपश्चात वारसांसाठी होता. जिवंत परिचारिकेच्या पगाराविषयी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच, ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही तो दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावा, अशी शिफारस केली होती. अंमलबजावणी राज्यांवर सोपविण्यात आली.