तापमान विणताना

पुण्यातला सर्वात गार महिना कोणता, असे विचारले तर कोणीही डिसेंबर किंवा जानेवारी म्हणेल. पण रोजच्या कमाल तापमानाप्रमाणे लोकरीचा रंग बदलत वर्षभर एक ब्लँकेट विणले, तर त्यातला सर्वात थंड रंगाचा पट्टा येतो जुलै-ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये पुण्याचे सरासरी कमाल तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, जानेवारीत ते ३० च्या घरात जाते. हवामानाच्या तक्त्यात ही गोष्ट कायमच छापलेली असते, पण तक्ता पालथा घालायला कोणाला सवड असते? पलंगभर पसरलेल्या पांघरुणावर मात्र ती लगेच दिसते.

अशा पांघरुणाला तापमान ब्लँकेट म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या विणणाऱ्यांमध्ये ते चांगलेच रुजले आहे. नियम एवढाच, की रोज ठरावीक ओळी विणायच्या आणि त्यांचा रंग त्या दिवसाच्या तापमानाने ठरवायचा. कोणत्या तापमानाला कोणता रंग, हे पहिला टाका घालण्याआधी ठरते. त्यानंतर आपली आवडनिवड संपली. सलग तीन दिवस न आवडणारा रंग आला तरी तोच विणायचा. मला या छंदाचे मोल वाटते ते या शिस्तीमुळे. विणायला बसण्यापूर्वी जे प्रश्न सोडवावे लागतात, ते हवामानशास्त्रज्ञांच्या रोजच्या कामातले प्रश्न आहेत.

ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी क्रोशाने असे एक ब्लँकेट विणले. त्यांनी एका वर्षाला एक ओळ दिली आणि तापमान घेतले साऱ्या पृथ्वीचे. २०१७ मध्ये ते लोकांसमोर आले. त्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांनी त्यापासून प्रेरणा घेतली आणि २०१८ मध्ये निळ्या-लाल उभ्या पट्ट्यांचे ते चित्र प्रसिद्ध केले, जे आज हवामानबदलाची खूण म्हणून जगभर ओळखले जाते. डावीकडे निळे, उजवीकडे गडद लाल. अक्षर नाही, आकडा नाही. या चित्राचे मूळ क्रोशाच्या सुईत आहे, हे विणकामाला फावल्या वेळचा उद्योग समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या अनाकोर्टेस गावी २०१७ मध्येच ‘टेम्पेस्ट्री प्रोजेक्ट’ सुरू झाला. सरकार बदलल्यावर हवामानाच्या नोंदी सरकारी संकेतस्थळांवरून नाहीशा होतील, अशी धास्ती तेव्हा अनेकांना होती. मग त्या लोकरीत उतरवून ठेवू, असे या मंडळींनी ठरवले. दिवसाला एक ओळ, कमाल तापमान, आणि सर्वांसाठी एकच रंगपत्रिका: दर ५ अंश फॅरनहाइटला एक रंग. त्यामुळे दोन टोकांच्या दोन गावांच्या पट्ट्या शेजारी ठेवून वाचता येतात.

आता आपल्या पुण्याचे ब्लँकेट विणायचे तर पहिला प्रश्न, तापमान घ्यायचे कुठले? बाल्कनीत टांगलेला तापमापक भिंतीची आणि उन्हाचीही उष्णता दाखवतो. वेधशाळेतली उपकरणे जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. वारा खेळता राहतो, ऊन थेट पडत नाही. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने बनवली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ते वडील. आतला पारंपरिक कमाल तापमापक ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखा असतो: नळी एका जागी आवळलेली असते, त्यामुळे वर चढलेला पारा आपोआप खाली उतरत नाही. किमान तापमापकात अल्कोहोल असते आणि त्यात एक बारीक दर्शक काडी; थंडीत ती मागे सरकते आणि तिथेच थांबते.

फोनवरचे ॲप दाखवते तो आकडा बहुतेक वेळा संगणकाच्या प्रारूपातून आलेला अंदाज असतो, मोजलेले तापमान नव्हे. म्हणून एकच केंद्र निवडावे आणि वर्षभर त्याला चिकटून राहावे. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव एकाच शहरात असली तरी तिथली हवा एक नाही. हिवाळ्याच्या पहाटे मोकळ्या, झाडीच्या भागात पारा बराच खाली उतरतो. दाट वस्तीत सिमेंट आणि डांबर दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात. मधेच केंद्र बदलले तर ब्लँकेटवर उमटणारा बदल हवेचा की जागेचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. शंभर वर्षांच्या नोंदी अभ्यासताना शास्त्रज्ञांचा मोठा वेळ हेच तपासण्यात जातो.

यानंतर कमाल की किमान? इंग्लंडमध्ये काहीही घेतले तरी चित्र साधारण तेच राहते. हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात उबदार, वर्षाला एक चढ आणि एक उतार. आपल्याकडे तसे नाही. कमाल तापमान एप्रिलमध्ये सरासरी ३८ अंशांपर्यंत चढते, जूनमध्ये पाऊस आला की धाडकन उतरते, तीन महिने जवळपास एका जागी राहते, ऑक्टोबरमध्ये पुन्हा डोके वर काढते आणि मग हळूहळू उतरते. किमान तापमानाची कथा निराळी आहे. मे ते सप्टेंबर ते २१ ते २३ अंशांच्या आसपास रेंगाळते आणि डिसेंबर-जानेवारीत ११-१२ पर्यंत येते. खरी थंडी दिसते ती इथे.

कारण आहे ढग. पावसाळ्यात ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीतून निघणारी उष्णता वर जाऊ देत नाहीत, म्हणून ऑगस्टमध्ये दिवस आणि रात्र यांत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक उरतो. जानेवारीत आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसा जमीन मजेत तापते, रात्री तीच उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने विनाअडथळा निघून जाते. फरक अठरा अंशांच्या पुढे जातो. एकट्या कमाल तापमानाच्या ब्लँकेटमध्ये पुण्याचा हिवाळा निम्मा हरवतो. म्हणून माझे मत असे, की आपल्याकडे दोन पट्ट्या विणाव्यात, एक कमालची आणि एक किमानची, आणि दिवस जुळवून त्या शेजारी-शेजारी जोडाव्यात.

सर्वात अवघड भाग रंगांचा. एका रंगात किती अंश बसवायचे? ५ अंशांना एक रंग ठेवला तर २५ ते ३० मध्ये ऑगस्टही बसतो आणि डिसेंबरही. मग या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली गोष्ट ब्लँकेटमधून पुसली जाते. एकेक अंशाला रंग दिला तर चाळीसेक छटा लागतील आणि शेजारच्या दोन छटा डोळ्यांना वेगळ्या ओळखूच येणार नाहीत. पुण्यासाठी २ अंशांचा टप्पा मला योग्य वाटतो: ६ ते ४२ पर्यंत अठरा रंग, शिवाय दोन्ही टोकांना एकेक राखीव. राखीव लागतातच. शिवाजीनगरला ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ आणि १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद झालेली आहे. रंग निवडताना फिकट ते गडद असा क्रम ठेवावा. लाल आणि हिरवा शेजारी आणू नयेत, कारण बऱ्याच पुरुषांना त्या दोहोंत फरक दिसत नाही. मधेच झगझगीत पिवळा आला तर डोळा उगाच तिथे अडकतो आणि तिथे काही विशेष घडले असे वाटते.

लोकर किती आणायची, हा प्रश्नही संख्याशास्त्राचा आहे. बेताची जाड लोकर घेऊन दिवसाला सुलट टाक्यांच्या दोन ओळी विणल्या की साधारण अर्धा सेंटिमीटर होतो. ३६५ दिवसांचे सुमारे १८० सेंटिमीटर. माणसाला पांघरता येईल एवढे. दोन ओळींमुळे धागा रोज त्याच काठाला परत येतो आणि रंग बदलल्याची टोके एका बाजूला राहतात. दोन्ही पट्ट्या मिळून २४० टाके धरले तर दिवसाला अंदाजे सात मीटर, म्हणजे वर्षाला अडीच किलोमीटर लोकर. पण सगळे रंग सारखे लागत नाहीत. गेल्या वर्षाचे आकडे घेऊन प्रत्येक टप्प्यात किती दिवस पडतात ते मोजावे. शाळेत वारंवारता सारणी म्हणून जे शिकवतात, ते हेच. कमालमध्ये २८ ते ३२ चे रंग आणि किमानमध्ये २० ते २४ चे रंग भरपूर लागतील. ते एकाच वेळी, एकाच रंगाईतले घ्यावेत. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा किंचित वेगळी निघाली तर ब्लँकेट खोटे बोलेल.

एका वर्षाच्या ब्लँकेटमध्ये हवामानबदल दिसत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. त्यात दिसते ते त्या वर्षाचे हवामान. आजीच्या जन्मवर्षाची पट्टी शेजारी विणली तर तुलना रंजक होईल, पण ती दोन वर्षे कदाचित नेमकी टोकाची असतील. म्हणूनच भारतीय हवामान विभाग सरासरी काढताना तीस वर्षे घेतो. सध्या १९९१ ते २०२० ही. दीर्घकाळाचा कल विणायचा असेल तर हायवूड यांच्याप्रमाणे वर्षाला एक ओळ हाच मार्ग.

सुरुवात १ जानेवारीला करू नका. त्याने थंडीचे दोन तुकडे होतात, अर्धे वरच्या काठाला, अर्धे खालच्या. आपले जलशास्त्रज्ञ पाण्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजतात. ब्लँकेटलाही तेच शोभते. एखाद्या दिवसाची नोंद मिळाली नाही तर अंदाजाने रंग भरू नका. त्यासाठी करड्या लोकरीचा एक गुंडा वेगळा ठेवा. आणि टाके बंद केले की मागच्या बाजूला कापडाचा एक तुकडा शिवा. त्यावर केंद्राचे नाव, वर्ष, कमाल-किमान कोणती बाजू आणि रंगांचा तक्ता न पुसणाऱ्या शाईने लिहा, म्हणजे तुमच्या नातवंडांनाही ते वाचता येईल.