वीजमापकाचा पदपाठ

किन्हीराजासारख्या गावी घरच्या वीजमापकाची नोंद महिन्यातून एकदा घेण्याची जुनी रीत. स्मार्ट मीटर तीच दर अर्ध्या तासाला ठेवू लागला, की दिवसाच्या ४८ नोंदी होतात. त्यांचे विश्लेषण भाषाभ्यासकास परके वाटू नये. संहितेत पदे संधीने एकजीव होतात. पदपाठकार ती विलग करतो. तद्वत् पंखा, फ्रिज, पंप ह्यांचे भार मापकात एकवटतात. जॉर्ज हार्ट ह्यांच्या १९९२ सालच्या निबंधात त्यांचा विच्छेद विवेचिला आहे. एकूण भार एकाएकी १,००० वॅटने चढून काही वेळाने तितकाच उतरला, तर ती इस्त्री असावी. अथवा पाणी तापविण्याचा हीटर! समरूप शब्दांप्रमाणे येथेही संदर्भच, म्हणजे दिवसाची वेळ, निर्णय करतो.

मात्र अशा विच्छेदास सेकंदासेकंदाची नोंद लागते. सहा मिनिटे चाललेली १,००० वॅटची इस्त्री आणि अर्धा तास जळलेले २०० वॅटचे दिवे, दोहोंचा हिशेब ०.१ युनिटच. तथापि घर केव्हा जागे होते व केव्हा रिकामे असते, हे अर्ध्या तासाच्या बेरजांतूनही उमगते. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तेव्हा हा पाठ कोणी वाचावा, हे एकट्या तंत्रज्ञांवर सोपविणे मला उचित वाटत नाही.