प्रत्येक नेम नवा

(नेमबाजी हा डोळ्यांचा आणि हातांचा खेळ आहे, तसाच तो मनाचाही खेळ आहे. २०१९ च्या गाजलेल्या हंगामाची आणि त्यानंतरच्या दोन ऑलिंपिक स्पर्धांची माहिती या पाठात दिली आहे.)

जत्रेत किंवा उरुसात फुगे फोडण्याची बंदूक तुम्ही पाहिली असेल. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात. पैसे दिले की बंदूक हाती मिळते. पहिला नेम चुकला की आपण हसतो आणि पुन्हा नेम धरतो. जागतिक स्पर्धेतला नेमबाजही हेच करतो. फक्त त्याचे लक्ष्य फार लहान असते!

एअर रायफलच्या स्पर्धेत लक्ष्य १० मीटर अंतरावर असते. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो. तो केवळ अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ पूर्णविरामाएवढा असतो. एअर पिस्तुलासाठी दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. पण पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते. हात लांब करून दूरच्या एखाद्या वस्तूकडे बोट रोखून पाहा. बोट किती हलते ते लगेच कळेल. श्वास आवरून, हात स्थिर करून आणि मन शांत ठेवून मगच नेमबाज चाप ओढतो.

या खेळाचा एक नियम फार कठीण आहे. एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत प्रत्येक खेळाडू ६० नेम मारतो. सर्वांत जास्त गुण मिळवणारे आठजण अंतिम फेरीत जातात. तेथे मात्र पात्रता फेरीचे गुण धरत नाहीत. पहिला आणि आठवा, दोघेही शून्यापासून सुरुवात करतात. अंतिम फेरीत दहाच्या वर्तुळाचेही बारीक भाग पाडतात. सर्वांत अचूक नेमाला १०.९ गुण मिळतात. ठरावीक नेमांनंतर सर्वांत कमी गुणांचा खेळाडू बाहेर पडतो. असे करत करत शेवटी विजेता ठरतो.

नेमबाजीच्या हंगामात वेगवेगळ्या देशांत विश्वचषक स्पर्धा होतात. २०१९ साली रायफल आणि पिस्तुलाच्या अशा चार स्पर्धा झाल्या. त्यांतून टोकियो ऑलिंपिकच्या जागाही मिळणार होत्या. भारताने दिल्लीत ३, बीजिंगमध्ये ३, म्युनिकमध्ये ५ आणि रिओमध्ये ५ सुवर्णपदके जिंकली. एका हंगामात १६ सुवर्णपदके! दिल्लीत सोळा वर्षांच्या सौरभ चौधरीने एअर पिस्तुलात २४५ गुणांचा जागतिक विक्रम केला. कोल्हापूरच्या राही सरनोबतने म्युनिकमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. मनू भाकर आणि सौरभ यांची मिश्र जोडी तर चारही ठिकाणी पहिली आली. आता ऑलिंपिकमध्ये पदकांची रास लागणार, असे सर्वांना वाटू लागले.

पण कोरोनाच्या साथीमुळे टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले. ते २०२१ साली झाले. भारताचे १५ नेमबाज तेथे गेले. सौरभ पात्रता फेरीत ५८६ गुण मिळवून पहिला आला. अंतिम फेरीत सगळे पुन्हा शून्यावर आले आणि तो सातवा ठरला. मनूच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला आणि अवघ्या दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. मिश्र स्पर्धेत मनू-सौरभ जोडी पहिल्या टप्प्यात सर्वांच्या पुढे होती. दुसऱ्या टप्प्यात गुण पुन्हा शून्यापासून मोजले गेले आणि जोडी सातवी आली. पंधरा नेमबाजांपैकी एकालाही पदक मिळाले नाही.

मग २०१९ चे यश खोटे होते का? मुळीच नाही. पण मागच्या यशाचे गुण पुढच्या स्पर्धेत मिळत नसतात. मागच्या अपयशाचे गुणही कापले जात नाहीत. हाच नियम पुढे भारताच्या कामी आला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजी शातोरू या गावी झाली. तेथे २८ जुलैला मनूने एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर तिने मिश्र स्पर्धेतही कांस्यपदक जिंकले.

आता कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची गोष्ट पाहा. तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्या स्पर्धेत ५० मीटरवरच्या लक्ष्यावर गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम मारायचे असतात. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याचा एक नेम फार बिघडला होता आणि वैयक्तिक पदक हुकले होते. पॅरिसला पात्रता फेरीत तो सातवा होता. पण शून्यापासून सुरुवात झाली, तशी त्यालाही नवी संधी मिळाली. एकेक नेम सांभाळत तो वर सरकला आणि १ ऑगस्टला ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक पटकावले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

टोकियोत पहिला आलेला सातवा ठरला आणि पॅरिसमध्ये सातवा आलेला तिसरा. विद्यार्थी मित्रांनो, मागच्या परीक्षेत गुण कमी पडले असतील, तर ही गोष्ट आठवा. जास्त पडले असतील, तरीही आठवा. सुटलेला नेम परत घेता येत नाही. पुढचा नेम मात्र आपल्याच हातात असतो.

शब्दार्थ
नेम – निशाणा
चाप – बंदुकीचा घोडा, खटका
हुकणे – हातातून निसटणे
पटकावणे – जिंकून घेणे

स्वाध्याय
१. एअर पिस्तुलाचे दहा गुणांचे वर्तुळ केवढे असते?
२. अंतिम फेरीतील कोणता नियम कठीण आहे? का?
३. टोकियोत सौरभचे आणि पॅरिसमध्ये स्वप्नीलचे काय झाले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : कामी येणे, रास लागणे.