आभाळ जमिनीला टेकतं तेव्हा

चौथी-पाचवीच्या वर्गात ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं, की जवळपास सगळ्या कागदांवर एकच देखावा उमटतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर येणारा सूर्य, तिथूनच निघालेली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळ. परभणी-लातूरच्या सपाट मुलखात वाढलेलं मूलही हेच काढतं. दारासमोरचं काळं रान, बांधावरची बाभूळ, लांबवर दिसणारी पाण्याची टाकी यांना त्या कागदावर जागाच नसते.

यात मुलाचा आळस नाही. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी बालचित्रांवरच्या १९२७च्या पुस्तकात हे नीट मांडलं आहे: लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे ठाऊक असतं ते काढतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७मध्ये वयाचे टप्पे सांगितले. साधारण सात ते नऊ या वयात मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढतं, वरच्या कडेला निळा पट्टा रंगवतं आणि मधला भाग कोरा ठेवतं. आभाळ वर असतं आणि जमीन खाली, मग मध्ये हवाच असणार, हे त्याचं तर्कशास्त्र आहे आणि ते चोख आहे. नवव्या वर्षानंतर हळूहळू त्याच्या लक्षात येऊ लागतं, की आभाळ खाली येऊन जमिनीला टेकतं, झाडामागे घर अर्धं लपतं, लांबचा माणूस लहान दिसतो. जलरंगातलं निसर्गचित्र शिकवायची खरी वेळ हीच. त्याआधी मुलांना रंगांशी आणि पाण्याशी मनसोक्त खेळू द्यावं.

हेच माध्यम का? कारण जलरंगाची रीत आणि निसर्ग पाहण्याची रीत एकमेकींना धरून चालतात. रंगाचा पातळ, पारदर्शक थर ओलांडून प्रकाश कागदापर्यंत पोचतो आणि तिथून परततो. त्यामुळे चित्रातला उजेड असतो कागदाचा, डबीतल्या पांढऱ्याचा नव्हे. फिक्यावर गडद चढवता येतं, पण गडदावर फिकं चढत नाही. म्हणून आधी आभाळ, मग लांबचे डोंगर, मग मधली झाडी आणि शेवटी जवळचा बांध असा क्रम आपोआप ठरतो. शाळकरी रंगपेटीतली पांढरी आणि काळी ट्यूब पहिले काही महिने बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरा मिसळला की पारदर्शकपणा जातो आणि काळा मिसळला की सावल्या मरतात. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून येणारा राखाडी रंग काळ्याची उणीव भरून काढतो. निळा वाढवला की पावसाळी ढग मिळतो, तपकिरी वाढवला की ओला खडक.

पहिला धडा फक्त आभाळाचा. कागद चिकटपट्टीने पॅडवर बसवायचा, पॅडची वरची बाजू थोडी उचलायची आणि भरपूर पाण्यात कालवलेला रंग आडव्या फटकाऱ्यांनी खाली आणायचा. प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओला थेंब साचतो, पुढच्या फटकाऱ्याने तोच पुढे न्यायचा. हा वॉश वरच्या पट्टीपाशी थांबवायचा नाही. खाली जाता जाता फिका करत तो जिथे डोंगर येणार आहेत त्या जागेवरूनही न्यायचा. निळ्या पट्ट्याखालची ती कोरी ‘हवा’ इथे नाहीशी होते, तीही एका शब्दाने न सांगता.

मग थांबायचं. नवशिक्यांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये ओला ब्रश टेकला, की पाणी रंगकणांना बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. हाताची मागची बाजू कागदाजवळ न्यावी. गार लागलं तर कागद अजून ओला आहे. श्रावणातल्या रत्नागिरीत हा वेळ बराच लांबतो, वैशाखातल्या सोलापुरात वॉश पुरा होण्याआधीच वरची कड वाळते. शिक्षकाने पाण्याचं प्रमाण आपल्या गावच्या हवेवरून ठरवावं. वाळल्यावर रंग फिका पडतो, हेही मुलांनी एकदा स्वतः पडताळावं.

डोंगरांचा धडा घाटाच्या पायथ्याच्या शाळांनी तर खिडकीतूनच घ्यावा. सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा पाहिल्या, तर जवळची हिरवी-तपकिरी, पुढची निळसर आणि शेवटची जवळपास आभाळाच्याच रंगाची दिसते. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो म्हणून हे घडतं. मुलांना एकच रंग द्यावा, प्रशियन ब्लू पुरे. त्याच्याच तीन छटांत तीन रांगा रंगवायला सांगाव्यात. रंग न बदलता फक्त पाणी कमी-जास्त करून अंतर दाखवता येतं, हे ज्या मुलाला एकदा कळलं, त्याचे डोंगर पुन्हा त्रिकोणी होत नाहीत.

देखाव्याच्या ठरीव साच्याची अडचण जुनीच आहे. इंग्लंडमध्ये ईटनला चित्रकला शिकवणाऱ्या अलेक्झांडर कझन्स यांनी तिच्यावर १७८५च्या सुमारास एक अफलातून उपाय छापला. कागदावर मोठ्या ब्रशने शाईचे डाग टाकायचे आणि त्यांतून डोंगर, झाडं, दऱ्या शोधायच्या. आजही वर्गात हे करून पाहावं. हात साच्यातून सुटतो.

त्याच काळात लंडनमध्ये रीव्ह्ज बंधूंच्या रंगवड्यांना १७८१मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचा पुरस्कार मिळाला. वाळलेली वडी खिशात घालून बाहेर पडायची सोय झाली आणि उघड्यावर चित्रं काढणं सोपं झालं. इंग्रजी जलरंगाची ही परंपरा आपल्याकडे १८५७मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमधूनही रुजली. तिथे शिकलेले आबालाल रहमान कोल्हापूरला परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ ही रोजच्या पाहण्यातली ठिकाणं रंगवत राहिले. मुलांना ही चित्रं आवर्जून दाखवावीत, कारण त्यांत परक्या देशाचा देखावा नाही, गावचं तळं आहे. १९३१मध्ये सुरू झालेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनचे रंग पुढे मराठी घराघरांत गेले. साहित्य गावोगाव पोचलं, पण बाहेर बसून पाहायची सवय तेवढी पोचली नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आहे. या परीक्षेने खेड्यांतल्या मुलांच्या हाताला वळण दिलं, त्याबद्दल मला आदर आहे. मात्र स्मरणचित्राची पार्श्वभूमी पाठ करून घेतली जाते, तेव्हा ते दोन डोंगर पुन्हा हजर होतात.

बाहेर नेताना सामान थोडं असावं. वहीचा पातळ कागद पाण्याने फुगतो, ३०० जीएसएमचा टिकतो. तो महाग पडतो, म्हणून २२ × ३० इंचांच्या एका पूर्ण कागदाचे आठ तुकडे करावेत. एवढ्या आकारात तासाभरात, सावल्या फार सरकायच्या आत, चित्र पुरं होतं. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून द्यावी. समोरच्या पसाऱ्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे मूल त्या खिडकीतून स्वतः ठरवतं.

मुलाच्या कागदाला शिक्षकाने ब्रश लावू नये. दाखवायचं असेल ते शेजारी दुसऱ्या कागदावर दाखवावं. चुकलेला अल्ट्रामरीन ओल्या, स्वच्छ ब्रशने बराचसा उचलता येतो. प्रशियन ब्लू मात्र कागदात मुरतो, तिथे त्या डागाचंच झुडूप करायचं की चित्र नव्याने सुरू करायचं, हा निर्णय मुलाचा.