कार्यप्रक्रिया आणि सेवा यांची सांगड : पारपत्र सेवेचे उदाहरण

कार्यालयात संगणक आला म्हणजे नागरिकांचे काम जलद होतेच असे नाही. जुन्याच कार्यपद्धतीचे संगणकीकरण केल्यास विलंब कायम राहतो. म्हणूनच २००६ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेत प्रक्रियांच्या पुनर्रचनेवर भर देण्यात आला. पारपत्र सेवा हा त्यातील एक महत्त्वाचा प्रकल्प होय.

कामाचे टप्पे, जबाबदारी व कालमर्यादा निश्चित करून त्यांत सातत्याने सुधारणा करणे म्हणजे कार्यप्रक्रिया व्यवस्थापन. विविध यंत्रणांच्या संगणकीय सेवा परस्परांशी जोडणे म्हणजे सेवा एकात्मीकरण.

पारपत्र सेवा २०१० मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि २०१२ मध्ये ७७ केंद्रांपर्यंत विस्तारली. केंद्रात तीन टप्पे असतात. ‘अ’ टप्प्यात खासगी भागीदार संस्थेचे कर्मचारी कागदपत्रे, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतात. ‘ब’ टप्प्यातील पडताळणी आणि ‘क’ टप्प्यातील मंजुरी मात्र शासकीय अधिकारीच करतात. अशा प्रकारे सार्वभौम अधिकार शासनाकडेच राहतो. पुढे पोलीस यंत्रणा अर्जदाराची चौकशी करते आणि टपाल खाते पारपत्र घरपोच पोहोचविते.

या साखळीतील एक दुवा मंदावला, तरी संपूर्ण सेवा रखडते. केंद्रातील काम तासाभरात उरकले, पण पोलीस अहवाल अडकला, तर अर्जदाराच्या पदरी प्रतीक्षाच येते. म्हणून सेवेचे यश एका खिडकीच्या वेगावर नव्हे, तर अर्ज केल्यापासून पारपत्र हाती पडेपर्यंतच्या एकूण कालावधीवर मोजले पाहिजे.